गेंड्याचे सात महिने

आमच्या मोलगीत कुठल्याही आजीला विचारा, शेळी किती दिवस गाभण राहते? "पाच महिने." आणि म्हैस? "दहा, वर थोडे दिवस." पुस्तक न उघडता उत्तर मिळतं, कारण तिने आयुष्यभर गोठ्यात मोजलंय. हाच प्रश्न सुमात्रन गेंड्याबद्दल विचारला, तर बरोबर उत्तर मिळायला 2001 साल उजाडावं लागलं. रिसर्चची तयारी करताय, म्हणून ही गोष्ट सांगतोय.

डिसेंबर 1872. लंडनच्या गोदीत आलेल्या जहाजावर एका सुमात्रन मादीला पिल्लू झालं. लंडन झूचे अधीक्षक अब्राहम बार्टलेट यांनी त्याची नोंद केली. मादीबद्दल जी माहिती कळली होती, तिच्यावरून गाभणकाळ सात महिन्यांपेक्षा थोडा जास्त धरला गेला. पुढे हाच आकडा संदर्भग्रंथांत शिरला आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला.

तो तपासायला दुसरं पिल्लू हवं होतं. 30 जानेवारी 1889 ला कोलकात्याच्या अलिपूर झूमध्ये ते जन्मलं. तिथले अधीक्षक रामब्रह्म सन्याल बारकाईने नोंदी ठेवणारे. 1892 मध्ये त्यांनी बंदिवासातल्या प्राण्यांच्या देखभालीवर पुस्तकच लिहिलं. पण तो धागा पुढे कुणी नेला नाही.

गेंडा पाळणं वेगळं आणि त्याची वीण वाढवणं वेगळं. मुंबईच्या राणीच्या बागेतला एकशिंगी शिवा कित्येक वर्षं एकटाच होता. शेवटी जोडीसाठी त्याला दिल्लीला पाठवलं. एकशिंगी गेंड्याचं तरी 1956 मध्ये बाझेलच्या झूत पिल्लू जन्मलं, आणि पुढे जगभरातल्या झूमधल्या गेंड्यांची वंशावळ तिथेच ठेवली जाऊ लागली. सुमात्रन गेंड्याचं तसं झालं नाही. 1984 ते 1996 या काळात प्रजननासाठी 40 गेंडे पकडले. बरेचसे मेले. बंदिवासात गर्भ राहून जन्मलेलं पिल्लू मात्र एकही नाही.

मग अमेरिकेतल्या सिनसिनाटी झूमध्ये टेरी रॉथ यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एमी नावाच्या मादीची नियमित सोनोग्राफी आणि हार्मोन्सची मोजणी. त्यातून कळलं की समागम झाल्याशिवाय हिचं बीज सुटतच नाही! पाच गर्भ गेले. सहाव्या वेळी रोज प्रोजेस्टेरॉन दिलं. 13 सप्टेंबर 2001 ला अंदालास जन्मला, 475 दिवसांनी. म्हणजे जवळजवळ सोळा महिने. सात नव्हेच!

2007 मध्ये अंदालासला सुमात्राला नेलं आणि 2012 मध्ये तो बाप झाला. आज जंगलात हे गेंडे मोजके काही डझन उरलेत. अशा वेळी एकेका पिल्लाची किंमत काय, ते वेगळं सांगायला नको.

कुणी खोटं लिहिलं होतं असं नाही. एकाच प्रसंगावरून काढलेला आकडा छापला गेला, आणि छापलेला आहे म्हणून पुढच्यांनी तो खरा धरला. सिनॉप्सिस लिहिताना आपणही हेच करतो. म्हणून आज एक काम करा. तुमच्या मसुद्यातला एक आकडा निवडा आणि मागे मागे जात तो पहिल्यांदा कुणी, कसा आणि किती वेळा मोजला ते शोधा. मोजणारा सापडलाच नाही, तर कदाचित तुमचा विषय तिथेच आहे.