'ओत रूत' : आल्प्समधील हिमनद्यांवरील स्की-मार्गाचा इतिहास

फ्रान्समधील शामोनी व स्वित्झर्लंडमधील झेरमाट यांना जोडणाऱ्या 'ओत रूत' या मार्गाचा इतिहास शिखरांपेक्षा खिंडींचा व निवाऱ्यांचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८६१ च्या सुमारास इंग्लंडमधील अल्पाइन क्लबच्या सदस्यांनी तो उन्हाळी पायी प्रवासासाठी आखला. 'हाय लेव्हल रूट' हे त्याचे मूळ नाव; फ्रेंच नाव त्याचेच रूपांतर होय.

हिवाळ्यात त्याचा उपयोग नव्हता. तो स्कीमुळे खुला झाला. स्कीच्या लांबीवर शरीराचा भार विभागला जातो, त्यामुळे हिमनदीतील भेगांवर साचलेला बर्फाचा पूल खचण्याचा धोका कमी होतो. स्कीच्या तळाला पूर्वी सीलचे कातडे बांधीत; त्याचे केस मागे झुकलेले असल्याने चढावर स्की मागे घसरत नसे. जानेवारी १९०३ मध्ये शामोनीचे डॉ. पायो व त्यांचे सहकारी या वाटेने निघाले, परंतु मधला काही भाग त्यांना खाली दरीतून पार करावा लागला. उंचावरील तुटलेला दुवा १९११ मध्ये रोजे व मार्सेल कुर्झ यांनी सोनादोन खिंडीतून जोडला.

आज हा प्रवास साधारणतः ६ ते ७ दिवसांचा असतो. दोन निवाऱ्यांमधील अंतर एका दिवसाचे खरे, पण ते निरभ्र दिवसाचे. २९ एप्रिल २०१८ रोजी पीन्य दारोला शिखराजवळ वादळात सापडलेल्या १४ जणांना रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यांपैकी ७ जण मृत्यू पावले. विनेत निवारा तेथून काहीशे मीटरवर होता.