आज्ञांच्या लांबीची निवड (असेंब्लर व लिंकर)

एकाच यंत्र-आज्ञेची लघु व दीर्घ अशी रूपे उपलब्ध असताना त्यांपैकी कोणते वापरावे हे असेंब्लरने किंवा लिंकरने ठरविणे, यास आज्ञांच्या लांबीची निवड असे म्हणतात. हा प्रश्न मुख्यतः जंप आणि कॉल या आज्ञांच्या बाबतीत उद्भवतो. आज्ञेची लांबी लक्ष्याच्या अंतरावर अवलंबून असते, आणि ते अंतर मधल्या आज्ञांच्या लांबीवर. त्यामुळे एक ठरल्याशिवाय दुसरे ठरत नाही.

सर्वच यंत्रांत ही अडचण येत नाही. ८०८५ प्रोसेसरच्या आज्ञा १ ते ३ बाइटच्या असतात, परंतु जंप नेहमी ३ बाइटचीच असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी) विकसित झालेला व २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘अजित’ प्रोसेसर स्पार्क व्ही८ आज्ञासंच वापरतो. त्यात प्रत्येक आज्ञा ४ बाइटची असून कॉल आज्ञेतील ३० बिटांचे अंतर संपूर्ण ३२-बिट स्मृतीपर्यंत पोहोचते. या सुटसुटीतपणाची किंमत अन्यत्र मोजावी लागते: ३२ बिटांचा कोणताही स्थिरांक रजिस्टरमध्ये भरण्यास सामान्यतः दोन आज्ञा लागतात.

याच संस्थेत प्राध्यापक राहिलेल्या धनंजय ढमढेरे यांच्या ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पाठ्यपुस्तकातील काल्पनिक यंत्रातही प्रत्येक आज्ञा एका शब्दात मावते. द्विफेरी असेंब्लर शिकविण्यासाठी ही निवड योग्यच आहे, कारण पहिल्या फेरीत प्रत्येक आज्ञेमागे लोकेशन काउंटर एकाने वाढविला की काम भागते. मात्र तोच आराखडा बदलत्या लांबीच्या यंत्रावर जसाच्या तसा नेल्यास लेबलांचे पत्ते चुकतात आणि कार्यक्रम भलत्याच ठिकाणी उडी मारतो.

असेंब्लरमधील निवड

इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरवर लघु जंप २ बाइटची असते व पुढील आज्ञेपासून −१२८ ते +१२७ बाइटपर्यंत पोहोचते. दीर्घ जंप ५ बाइटची असते. निवडीच्या दोन रीती आहेत. सर्व जंप दीर्घ मानून जमेल तिथे त्या आखडता येतात, किंवा सर्व लघु मानून पोहोचत नाहीत तेवढ्याच वाढविता येतात. या रीतींचे फळ सारखे नसते.

समजा, ‘अ’ ही जंप ‘ब’ या जंपच्या लगेच पुढे असलेल्या आज्ञेवर जाते, ‘ब’ ही ‘अ’वर परत येते, आणि दोन्हींच्या मध्ये १२४ बाइट आहेत. दोन्ही दीर्घ मानून आरंभ केल्यास ‘अ’ला १२९ बाइट पुढे जावे लागते, ‘ब’ला लघु केले तरी तिला १३१ बाइट मागे जावे लागते. म्हणून दोन्ही दीर्घच राहतात. दोन्ही लघु मानल्यास ही अंतरे अनुक्रमे १२६ व १२८ होतात आणि दोन्ही मर्यादेत बसतात. दुसऱ्या रीतीत एकूण १२८ बाइट लागतात, पहिलीत १३४.

म्हणूनच लघुरूपापासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरते. एकदा वाढविलेली आज्ञा पुन्हा आखडायची नाही एवढे पथ्य पाळले, तर फेऱ्या निश्चितपणे थांबतात. मात्र पत्त्यांच्या संरेखनासाठी घातलेल्या जागेमुळे एखादी आज्ञा वाढली असता दुसरे अंतर कमीही होऊ शकते. टी. जी. शिमान्स्की यांनी १९७८ मध्ये दाखविले की व्यापक स्वरूपात हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे. व्यवहारात थोडी जागा वाया गेली तरी चालते, चुकीची उडी चालत नाही.

लिंकरमधील निवड

लक्ष्य दुसऱ्या फाइलमध्ये असल्यास असेंब्लरला अंतर कळत नाही. तो दीर्घरूपाची जागा राखून रिलोकेशनची नोंद ठेवतो, आणि अंतिम पत्ते ठरल्यावर लिंकर ती जागा आखडू शकतो. रिस्क-व्ही आज्ञासंचात दूरच्या कॉलसाठी दोन आज्ञांची ८ बाइटची जोडी वापरली जाते. लक्ष्य सुमारे १ मेबीबाइटच्या आत असल्यास लिंकर तिच्या जागी ४ बाइटची एकच आज्ञा ठेवतो. परिणामी एकाच फाइलमधील दोन लेबलांमधील अंतरही असेंब्लरला कायमचे ठरविता येत नाही, व त्याचीही रिलोकेशन-नोंद लिंकरकडे सोपवावी लागते.