दुष्काळी तळ्यावरचे पाहुणे

पक्ष्यांचे अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गर्द झाडी उभी राहते. मायणीला तसे काही नाही. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव. इथून विट्याची वाट धरली की थोड्याच वेळात सांगली जिल्हा लागतो. तसे पाहिले तर १९४९ पर्यंत हा सारा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सीमा आखली गेली, पण पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच हुलकावणी देत राहिला.

मग असल्या कोरड्या मुलखात पाणपक्षी आले कसे? त्यांच्यासाठी कुणी तळी बांधली नव्हती. इंग्रजी अमदानीत मायणीचा तलाव झाला तो शेतीसाठी. याच पट्ट्यातल्या म्हसवड आणि नेर तलावांच्या कामांवर १८७६-७८ च्या दुष्काळात भुकेली माणसे खपली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कापली. दिवसाला एक पौंड धान्याची किंमत, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि वर एक आणा! दख्खनेत ठिकठिकाणी मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. दुर्बीण घेऊन येणाऱ्यांपैकी किती जणांना त्या मातीच्या भरावामागची ही भूक ठाऊक असेल?

हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात. पण मायणीचे नाव झाले ते रोहित पक्ष्यांमुळे, म्हणजे फ्लेमिंगोंमुळे. कच्छच्या रणात घरटी करणारा हा पक्षी खाण्याच्या बाबतीत मोठा चोखंदळ. चोच उलटी करून तो चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव व शेवाळ टिपतो. त्याला पाणी हवे, पण उथळ. तलावात गाळ साठला की शेतकरी हळहळतो, रोहित मात्र तिथेच उतरतो. गाळ फारच वाढून तळे लवकर आटले, तर तोही निघून जातो. अलीकडे मायणीपेक्षा येरळवाडी आणि सूर्याचीवाडीच्या पाण्यावर तो अधिक दिसू लागला, त्यात नवल नाही.

२००३ मध्ये वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ हा नवा प्रकार आणला. २०२१ मध्ये मायणी आणि आसपासच्या तलावांना मिळून तो दर्जा मिळाला. एका तळ्याऐवजी तळ्यांचा समूह राखला, हे मला फार शहाणपणाचे वाटते. पक्षी तरी कुठे एका तळ्याला बांधलेला असतो? व्यवस्थापन समितीत गावांना जागा आहे, हेही चांगले.

आता कराडजवळ टेंभूला उचललेले कृष्णेचे पाणी या दुष्काळी पट्ट्यात खेळू लागले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहिली ते पाणी आले, तर कुणी तक्रार करावी? मात्र तळे बारमाही भरलेले राहिले की काठचा चिखल बुडतो, आणि लांब पायांच्या रोहितालाही तिथे खाणे मिळत नाही. उन्हाळ्यात कोणत्या तळ्यात किती पाणी ठेवायचे, हे कायद्याच्या त्या कलमात लिहिलेले नाही. ते गावाने, वन खात्याने आणि पाटबंधारेवाल्यांनी एकत्र बसूनच ठरवायचे आहे.