दिनो झॉफ

दिनो झॉफ (जन्म: २८ फेब्रुवारी, १९४२) हे इटलीचे माजी फुटबॉलपटू, गोलरक्षक व प्रशिक्षक आहेत. १९८२ च्या विश्वचषक स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली इटलीने विजेतेपद मिळवले. त्या वेळी त्यांचे वय ४० वर्षे होते. विश्वचषक जिंकणारे ते आजवरचे सर्वांत वयस्कर खेळाडू आहेत. युरोपीय अजिंक्यपद (१९६८) आणि विश्वचषक (१९८२) या दोन्ही स्पर्धा खेळाडू म्हणून जिंकणारे ते एकमेव इटालियन होत. उंची कमी म्हणून किशोरवयात नाकारले गेलेले आणि वय झाले म्हणून पस्तिशीनंतर टीकेचे धनी झालेले झॉफ आपल्या सातत्यामुळे विसाव्या शतकातील श्रेष्ठ गोलरक्षकांत गणले जातात.

प्रारंभिक जीवन

झॉफ यांचा जन्म ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रदेशात, मारियानो देल फ्रिउली या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी इंटर मिलान आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांकडे निवडचाचणी दिली. मात्र गोलरक्षकासाठी उंची अपुरी असल्याचे कारण देऊन दोन्ही क्लबांनी त्यांना नाकारले. त्यानंतर त्यांनी मोटार दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि स्थानिक पातळीवर खेळणे चालू ठेवले. पुढील काही वर्षांत त्यांची उंची झपाट्याने वाढली. आजीच्या सांगण्यावरून ते रोज आठ अंडी खात असत, अशी आठवण या संदर्भात नेहमी सांगितली जाते.

क्लब कारकीर्द

उदिनेसे क्लबकडून झॉफ यांनी २४ सप्टेंबर, १९६१ रोजी सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च साखळीत पदार्पण केले. फिओरेंतिनाविरुद्धचा हा सामना उदिनेसेने ५-२ असा गमावला. त्या हंगामाअखेर उदिनेसेची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. १९६३ मध्ये ते मांतोव्हा क्लबमध्ये गेले आणि तेथे चार हंगाम खेळले. १९६७ ते १९७२ या काळात ते नापोलीचे गोलरक्षक होते. याच काळात त्यांना राष्ट्रीय संघाचे दार उघडले.

१९७२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते युव्हेंटसमध्ये दाखल झाले. सोळा वर्षांपूर्वी ज्यांना नाकारले, त्यांच्याकडेच या क्लबने आता आपला गोल सोपवला. पुढील अकरा हंगामांत झॉफ सेरी आ मधील एकाही सामन्याला मुकले नाहीत. युव्हेंटससाठी ते सलग ३३० साखळी सामने खेळले. या काळात युव्हेंटसने सहा वेळा साखळी विजेतेपद, दोन वेळा इटालियन चषक आणि १९७७ मध्ये युएफा चषक जिंकला. युरोपीय चषकाने मात्र त्यांना हुलकावणी दिली. १९७३ मध्ये आयाक्सविरुद्ध आणि १९८३ मध्ये हँबुर्गविरुद्ध असे दोन्ही अंतिम सामने युव्हेंटसने १-० अशा फरकाने गमावले. १९८३ मध्ये झॉफ निवृत्त झाले, तेव्हा सेरी आ मधील त्यांच्या सामन्यांची संख्या ५७० होती. हा विक्रम वीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

झॉफ यांनी २० एप्रिल, १९६८ रोजी नेपल्स येथे बल्गेरियाविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. युरोपीय अजिंक्यपदाच्या उपांत्यपूर्व फेरीचा हा सामना इटलीने २-० असा जिंकला. उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाविरुद्धचा सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य बरोबरीत राहिल्याने नाणेफेकीवर निकाल लागला व कौल इटलीला मिळाला. रोममधील अंतिम सामनाही युगोस्लाव्हियाविरुद्ध बरोबरीत सुटल्याने दोन दिवसांनी पुन्हा खेळवण्यात आला; तो इटलीने २-० असा जिंकला. १९७० च्या विश्वचषकात मात्र एन्रिको आल्बेर्तोसी यांना पसंती मिळाली आणि झॉफ राखीव गोलरक्षक राहिले.

सप्टेंबर १९७२ ते जून १९७४ या काळात झॉफ यांनी राष्ट्रीय संघाकडून खेळताना सलग १,१४२ मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. हा विक्रम १९७४ च्या विश्वचषकात म्युनिक येथे हैतीच्या इमॅन्युएल सानों यांच्या गोलने खंडित झाला. १९७३ च्या बालोन द'ओर पुरस्काराच्या मतदानात योहान क्रायुफ यांच्या खालोखाल झॉफ दुसऱ्या स्थानी होते.

१९७८ च्या विश्वचषकात इटलीला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. नेदरलँड्स आणि ब्राझीलविरुद्धच्या पराभवांत दुरून मारलेल्या फटक्यांवर गोल झाले. ३६ वर्षांच्या झॉफ यांची नजर मंदावली आहे, अशी टीका त्यानंतर इटालियन वृत्तपत्रांनी केली. प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांनी मात्र त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवला.

१९८२ चा विश्वचषक

स्पेनमधील या स्पर्धेत इटलीने पहिल्या फेरीचे तिन्ही सामने बरोबरीत सोडवले. कडाडून टीका झाल्याने खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणे बंद केले आणि संघाच्या वतीने बोलण्याची जबाबदारी कर्णधारावर, म्हणजे मुळातच मितभाषी असलेल्या झॉफ यांच्यावर आली. दुसऱ्या फेरीत इटलीने अर्जेंटिनाला नमवले. ५ जुलै रोजी बार्सिलोना येथे ब्राझीलविरुद्ध इटली ३-२ ने पुढे होता. ब्राझीलला उपांत्य फेरीसाठी बरोबरीही पुरेशी होती. अखेरच्या मिनिटांत बचावपटू ऑस्कार यांनी हेडर मारला. झॉफ यांनी झेपावून तो चेंडू गोलरेषेवरच दाबून धरला. ब्राझीलच्या खेळाडूंनी गोलचा दावा केला, पण चेंडूने रेषा ओलांडली नव्हती. पुढे पोलंडला हरवून इटलीने अंतिम फेरी गाठली. ११ जुलै रोजी माद्रिद येथे पश्चिम जर्मनीवर ३-१ असा विजय मिळवल्यानंतर झॉफ यांनी चषक स्वीकारला. चित्रकार रेनातो गुत्तुसो यांनी या विजयाच्या स्मरणार्थ काढलेल्या टपाल तिकिटावर चषक उंचावणारे झॉफ यांचे हात आहेत.

१९८३ मध्ये स्वीडनविरुद्ध त्यांनी अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्यांचे एकूण ११२ आंतरराष्ट्रीय सामने हा तेव्हाचा इटालियन विक्रम होता.

खेळाची शैली

प्रेक्षणीय उड्यांपेक्षा योग्य जागी उभे राहण्यावर झॉफ यांचा भर असे. फटक्याचा कोन आधीच ओळखून ते जागा घेत. त्यामुळे अवघड चेंडूही सहज अडवल्यासारखा दिसे. शांत वृत्तीमुळे बचाव फळीला त्यांचा मोठा आधार वाटे.

प्रशिक्षक

युव्हेंटसचे प्रशिक्षक म्हणून झॉफ यांनी १९९० मध्ये इटालियन चषक व युएफा चषक जिंकले. त्यानंतर ते लाझियोचे प्रशिक्षक आणि पुढे अध्यक्षही झाले. १९९८ मध्ये त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ सोपवण्यात आला. २००० च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इटली भरपाई वेळेपर्यंत आघाडीवर होता. परंतु फ्रान्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत दाविद त्रेझेगे यांच्या गोल्डन गोलने सामना जिंकला. राजकीय नेते सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यांनी जाहीरपणे केलेल्या टीकेनंतर झॉफ यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांनी लाझियो व फिओरेंतिना या क्लबांना अल्पकाळ प्रशिक्षण दिले.

सन्मान

युएफाच्या पन्नासाव्या वर्धापनवर्षानिमित्त इटालियन फुटबॉल महासंघाने गेल्या पन्नास वर्षांतील देशाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून झॉफ यांची निवड केली. फुटबॉलचा इतिहास व आकडेवारी यांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या विसाव्या शतकातील गोलरक्षकांच्या क्रमवारीत लेव्ह याशिन आणि गॉर्डन बँक्स यांच्यानंतर त्यांचे तिसरे स्थान आहे.