मराठवाड्यावर राज्य नेमके कोणाचे होते? निजाम, इंग्रज आणि एका प्रदेशाची घडण

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे गाव बहुतेकांना 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपामुळे माहीत आहे. पण सास्तूर, लोहारा, नळदुर्ग हा सगळा परिसर आणखी एका गोष्टीसाठी समजून घ्यायला हवा. शेजारचे सोलापूर 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाले, तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानातच होता. इथे ध्वजारोहणाचे दोन दिवस का आहेत, याचे उत्तर वसाहतकाळात सापडते.

सात वर्षे थेट इंग्रजांची

निजामाने 1798 मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चापायी संस्थान कर्जात बुडाले. त्या बदल्यात 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग हे मुलूख इंग्रजांकडे गेले. नळदुर्गचा कारभार काही काळ फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने पाहिला. 1857 च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि 1860 मध्ये नळदुर्ग व रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवले. हा मुलूख असा दोनदा हातबदल झाला आणि दोन्ही वेळा इथल्या माणसांना कोणी विचारले नाही.

दुहेरी सत्ता म्हणजे काय?

गावात अंमल निजामाचा, पण निजामाच्या डोक्यावर इंग्रज, अशी ही रचना होती. मीर उस्मान अली खान यांनी बरोबरीचा दावा केला, तेव्हा 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना ब्रिटिश सत्ता सर्वोच्च असल्याचे लेखी बजावले. याची दुसरी बाजू अशी की, इंग्रजांचे संरक्षण असल्याने निजामाला प्रजेची संमती मिळवण्याची गरज उरली नाही.

फरक सीमेवर दिसत होता. मुंबई प्रांतात 1937 मध्ये निवडून आलेले मंत्रिमंडळ सत्तेवर आले, मतदानाचा हक्क मर्यादित असला तरी. हैदराबादमध्ये लोकांना जबाबदार सरकार नव्हते. सर्व प्रौढांच्या मतदानाने पहिली निवडणूक झाली ती 1952 मध्ये.

शाळेतून राजकारण

बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी असताना कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ‘गश्ती निशान 53’ या आदेशामुळे सभेला आधी परवानगी लागे. उघड राजकारण बंद असल्याने शाळा, वाचनालये आणि साहित्य-संस्था हीच राजकारणाची जागा झाली.

लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्यामुळे उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

1948: मुक्ती आणि तिची किंमत

इंग्रज गेल्यावर निजामाने स्वतंत्र राहण्याचा प्रयत्न केला. रझाकारांच्या अत्याचारांनी सीमेवरची गावे होरपळली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे.

त्यानंतरच्या सूडाच्या हिंसेत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संपूर्ण संस्थानात 27 ते 40 हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार आणि नंतरची ही हिंसा, दोन्ही सांगितल्याशिवाय या प्रदेशाचा इतिहास पूर्ण होत नाही.

आज काय उरले आहे?

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. मराठी भाषा ही त्याची जोडणारी दोरी होती, तर उशिरा मिळालेल्या संधींमुळे ‘मागासलेपण’ आणि ‘अनुशेष’ हे त्याच्या राजकारणाचे कायमचे शब्द झाले. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद राज्यघटनेच्या कलम 371 मध्ये आहे, ती याच पार्श्वभूमीवर.

जुनी कागदपत्रेही जिवंत आहेत. इनाम आणि मदतमाश जमिनींचे वाद सुरू आहेत. निजामकालीन कुणबी नोंदींवरून आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी राज्य शासनाने ‘हैदराबाद गॅझेट’च्या आधारे निर्णय काढला. 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्याचे नाव बदलले, पण जमीन कोणाची आणि जात कोणती, हे ठरवताना आजही त्याच काळातल्या दप्तरांचा आधार घ्यावा लागतो.