गणधर-व्यवस्था : कार्यविभागणीचा प्राचीन आदर्श

संस्था एखाद्या थोर व्यक्तीच्या प्रेरणेने उभी राहते; परंतु ती टिकते अनेकांनी उचललेल्या जबाबदारीमुळे. भगवान महावीरांच्या चतुर्विध संघाचा इतिहास याची साक्ष देतो.

कल्पसूत्रानुसार भगवंतांच्या संघात १४,००० साधू, ३६,००० साध्वी, १,५९,००० श्रावक व ३,१८,००० श्राविका होत्या. या विशाल संघातील साधूंचे नऊ गण होते आणि त्यांची धुरा अकरा गणधरांकडे होती. पहिल्या पाच गणधरांकडे प्रत्येकी ५००, तर शेवटच्या चौघांकडे प्रत्येकी ३०० श्रमणांच्या अध्यापनाचा भार होता. अकंपित व अचलभ्राता यांची वाचना एकच होती. तसेच मेतार्य व प्रभास यांचीही. म्हणून गणधर अकरा, परंतु गण नऊ. साध्वीसंघाचे नेतृत्व आर्या चंदनबालांनी सांभाळले.

भगवंतांनी केवळ काम सोपविले नाही, तर विश्वासही दिला. श्वेतांबर परंपरेनुसार उत्पाद, व्यय व ध्रौव्य ही त्रिपदी भगवंतांकडून लाभली आणि तिच्या आधारे गणधरांनी द्वादशांगी रचली. अर्थ तीर्थंकरांचा, सूत्ररचना गणधरांची. वाचना नऊ झाल्या, तरी तत्त्व एकच राहिले.

मात्र काम सोपविणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. उपासकदशांगातील प्रसंग बोलका आहे. वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाला झालेल्या अवधिज्ञानाच्या व्याप्तीविषयी गौतमस्वामींनी शंका घेतली व त्यालाच प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. भगवंतांनी मात्र आनंदाचे म्हणणे सत्य ठरविले आणि आपल्या प्रथम गणधरालाच क्षमा मागण्यास पाठविले. गौतमस्वामी तत्काळ गेले. त्यांची चूक सुधारली गेली. परंतु त्यांचे पद वा त्यांच्यावरील विश्वास उणा झाला नाही.

परंपरेनुसार इ.स.पू. ५२७ मध्ये भगवंतांचे निर्वाण झाले. तत्पूर्वीच नऊ गणधर मोक्षाला गेले होते आणि त्यांचे गण सुधर्मास्वामींच्या हाती आले होते. निर्वाणानंतरच्या पट्टपरंपरेचा आरंभ श्वेतांबर सुधर्मास्वामींपासून, तर दिगंबर गौतमस्वामींपासून मानतात. सुधर्मास्वामींनंतर जंबूस्वामी, हा क्रम उभयमान्य आहे. नायक गेले, तरी संघ पोरका झाला नाही. कारण भार वाहणारे खांदे आधीच घडविलेले होते.

पन्नास वर्षांचा टप्पा गाठणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे हाच प्रश्न उभा असतो. ज्येष्ठ विश्वस्तांनी अनेक वर्षे एकहाती सांभाळलेले हिशेब, पाठशाळा, उत्सव आणि जीर्णोद्धाराची कामे तरुणांच्या हाती वेळेवर द्यावीत. त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्यावीत आणि चुकल्यास प्रेमाने सावरावे. पुढील पन्नास वर्षांची खरी पायाभरणी हीच होय.