औषध म्हणावे की विष?

आपल्या भाषेत एक गंमत आहे; गंमत कसली, गफलतच म्हणा! माणसाला तारते तेही ‘औषध’ आणि किडीला मारते तेही ‘औषध’. डहाणूच्या चिकूवाडीत कळ्या खाणारी अळी दिसली की बागायतदार म्हणतो, ‘औषध मारायला हवे.’ तलासरीचा वारली शेतकरी बाजाराच्या दिवशी दुकानापुढे उभा राहतो आणि म्हणतो, ‘शेठ, अळीचे औषध द्या.’ या भाबड्या शब्दामागचा इतिहास मात्र भाबडा नाही.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन ऊर्फ फॉलिडॉल हे कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ एकाच जहाजातून आले. विष गळले, पिठात मुरले, आणि शंभराहून अधिक माणसे अन्न खाऊन दगावली. देश हादरला. चौकशी झाली, समिती बसली, आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा जन्मास आला. १९७१ च्या नियमांनी सांगितले, की जेथे खाण्याचे पदार्थ ठेवतात त्या इमारतीत शेतीचे विष ठेवू नये. प्रत्येक डब्यावर दोन त्रिकोणांचा चौकोन आला. त्यातला खालचा त्रिकोण लाल असला तर माल अतिशय विषारी, पिवळा असला तर त्याहून कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा.

ज्यांच्या भिंतीवरची माणसे दोन त्रिकोणांतून उभी राहतात, त्या वारल्यांना ही आकृती परकी वाटू नये. परंतु रंगाचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो. डब्यातले पत्रक बारीक अक्षरांचे. ज्याला अक्षरओळख नाही त्याला ते वाचून कोण दाखविणार? गल्ल्यावर बसलेला दुकानदारच!

येथेच त्याची कसोटी लागते. गिऱ्हाईक रिकामी बाटली पुढे करून म्हणते, ‘थोडे सुटे द्या, पुरा डबा परवडत नाही.’ कायद्याने सुटे विकता येत नाही. पण नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाणार, आणि घरात तर पोरांच्या शाळेचा खर्च उभा! अशा वेळी ‘नाही’ म्हणणे, लहानात लहान सीलबंद डबा दाखविणे, ‘तोंडाला फडके बांध, वाऱ्याच्या उलट फवारू नकोस’ असे दोन शब्द सांगणे, ही साधी गोष्ट नव्हे.

कायदा एकट्याने पुरा पडत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. तरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडोंना विषबाधा झाली, कित्येकांचे प्राण गेले.

लक्ष्मीपूजनाला दुकानदार चोपडीला हळदकुंकू वाहतो. न विकलेल्या बाटलीची नोंद त्या चोपडीत सापडत नाही. पण तिच्यामुळे एखाद्या पाड्यावर आज पणती लागली असेल, तर तो व्यवहार तोट्याचा कसा म्हणावा?